निशाणी नांगराची

नाशिक शहरातील इंदिरानगर वसाहतीतून उत्तरेस दिंडोरीकडे किंवा पूर्वेस निफाडकडे निघाले म्हणजे थोड्याच वेळात द्राक्षांचे मांडव दिसू लागतात. ह्या मांडवांखाली छाटणी, विरळणी आणि तोडणी करणारे हात पुष्कळदा त्या गावचे नसतात. सुरगाणा, पेठ अशा डोंगराळ तालुक्यांतून ते हंगामापुरते खाली उतरलेले असतात. घरचे भात निघाले की डोंगरावर दुसरे पीक नाही. मग चार भांडी आणि एक गाठोडे एवढा संसार घेऊन माणूस दुसऱ्याच्या शेतावर जातो. ही झाली जवळची वाट. पण ह्याच शहरात आता दूरच्या वाटेचीही चौकशी ऐकू येते. परदेशी शेतावर काम मिळते म्हणतात, ते खरे काय? तेथे कायदेशीर रीतीने कसे जावयाचे? मध्यस्थाच्या हातावर किती ठेवावे लागते?

विचारणाऱ्यास हे प्रश्न नवे वाटतात. वस्तुतः ते नवे नाहीत. पावणेदोनशे वर्षांपूर्वी मराठी शेतकऱ्याने मुंबईच्या बंदरावर उभे राहून हेच विचारले होते. आणि त्याला मिळालेले उत्तरही कायदेशीरच होते. कायदा होता, करार होता, सरकारी अधिकारी होता, शिक्का होता. तरीही पुढे जे घडले त्यावरून ‘कायदेशीर’ ह्या शब्दात किती अर्थ असतो आणि किती नसतो, हे आपणांस चांगले समजते. आज मला सांगावयाची आहे ती मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी शर्तबंद मजुरांची हकीकत.

मॉरिशस हे हिंदी महासागरातील लहानसे बेट. मुंबईपासून ते साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे, आणि त्याचा विस्तार आपल्या नाशिक जिल्ह्याच्या आठव्या हिश्शाएवढाही भरत नाही. १८१० साली इंग्रजांनी ते फ्रेंचांपासून जिंकले. १८२५ साली विलायतेत मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी कमी करण्यात आली, आणि पाहता पाहता सारे बेट उसाने भरून गेले. ऊस लावणारे आणि तोडणारे हात गुलामांचे होते; आफ्रिका आणि मादागास्कर येथून आणलेले असे साठ हजारांहून अधिक गुलाम तेथे राबत होते. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांना नुकसानभरपाई म्हणून सुमारे वीस लाख पौंड मिळाले. गुलामांना काय मिळाले? आणखी काही वर्षे त्याच मालकाकडे ‘शिकाऊ’ म्हणून राबण्याची सक्ती. १८३९ साली तीही उठली, तेव्हा बहुतेक मोकळ्या माणसांनी मळ्याकडे पाठ फिरविली. भरपाईचा पैसा हाती, ऊस उभा आणि तोडणारा कोणी नाही, अशा अडचणीत सापडलेल्या मळेवाल्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली.

वळली म्हणण्यापेक्षा ती आधीच वळून चुकली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात आले. पाच वर्षांचा करार, दरमहा पाच रुपये पगार, शिवाय अन्नवस्त्र. आणि परतीच्या भाड्यासाठी पगारातून दरमहा एक रुपया कापून ठेवावयाचा, अशा त्यांच्या अटी होत्या. हा दिवस मॉरिशसमध्ये आजही सार्वजनिक सुटी पाळून स्मरतात. त्या छत्तीसजणांच्या मागून पुढील काळात जवळजवळ साडेचार लाख हिंदी माणसे त्या बंदरात उतरली. बेटाच्या आकाराशी हा आकडा ताडून पाहिला म्हणजे त्याचा प्रचंडपणा ध्यानात येईल.

आता कायद्याचे काय? कंपनी सरकार अगदीच डोळे मिटून बसले होते असे म्हणता यावयाचे नाही. १८३७ साली पाचवा कायदा झाला. मजुराने आणि त्याला नेणाऱ्याने सरकारी अधिकाऱ्यापुढे उभे राहावे, कराराच्या अटी लेखी असाव्यात, पाच वर्षांनी मजुरास बंदरावर परत आणून सोडावे, जहाजात माणशी अमुक जागा असावी, असे नियम त्यात होते. तथापि नियम आणि व्यवहार ह्यांत अंतर पडले. मजुरांना फसवून नेतात, कित्येकांना आपण कोठे चाललो हेही ठाऊक नसते, अशी ओरड झाली. १८३८ साली कलकत्त्यास चौकशी समिती बसली आणि १८३९ साली ही मजूर-निर्गत कायद्याने बंद करण्यात आली. ह्यातून गुलामगिरीच नव्या नावाने उभी राहील, अशी भीती १८४० साली खुद्द वसाहतमंत्री लॉर्ड जॉन रसेल ह्यांनी बोलून दाखविली. पण साखरेचा जोर भीतीहून मोठा ठरला. १८४२ साली मॉरिशसपुरती बंदी उठली. ह्या वेळी मजूर-भरती मॉरिशस सरकारच्या पगारी प्रतिनिधीकडे आली, आणि बंदरावर ‘प्रोटेक्टर’ म्हणजे संरक्षक नावाचा अधिकारी नेमला गेला. १८४३ ह्या एकाच वर्षात चौतीस हजारांहून अधिक माणसे बेटावर उतरली. पुढे मुंबईचे दार कधी बंद, कधी उघडे असे चालले. तरी १८७० च्या सुमारास हा ओघ आटेपर्यंत ह्या बंदरातून हजारो लोक गेले.

हे लोक कोण होते? पुष्कळसे रत्नागिरीचे आणि सावंतवाडीचे. काही कुलाब्याचे आणि थोडे घाटावरचे. रत्नागिरीची स्थिती सुरगाण्या-पेठेहून फार निराळी नव्हती. डोंगर उतारावरची वरकस जमीन, पावसावर येणारे भाताचे एक पीक, आणि त्यातील मोठा हिस्सा खोताच्या घरी. अशा मुलखातला तरणा मुलगा घरी बसून खाऊ शकत नाही. तो पलटणीत गेला, मुंबईस हमालीस गेला, गलबतावर गेला. त्याच ओढीने तो मॉरिशसलाही गेला. तो वेडा किंवा भोळाच होता असे मानणे हा त्याचा अपमान होय. दरमहा पाच रुपये रोख आणि वर तांदूळ, डाळ, कपडा हा हिशेब त्याला कळत होता. पुष्कळदा त्याला न्यावयास येणारा मुकादमही परका नसे. मळ्यावर काही वर्षे काढून परतलेला, अंगावर चार कपडे आणि कनवटीला रुपये असलेला तो त्याच्याच भागातला माणूस असे. अशा माणसाच्या शब्दापुढे सरकारी जाहिरात फिकी पडते, हे आजही खरे आहे.

मराठी कागदपत्रांत एक सुंदर चाल होती. ज्या कुणब्यास लिहिता येत नसे त्याच्या नावापुढे नांगराची आकृती काढीत आणि ‘निशाणी नांगर’ असे लिहीत. अक्षरशत्रू असला तरी तो कोण आहे, काय करतो, त्याची पत कशात आहे, हे त्या आकृतीतून कागदावर उमटे. मॉरिशसच्या करारावरही अशिक्षित मजुराने खूणच केली. पण त्या कागदाला त्याच्या नांगराशी कर्तव्य नव्हते. त्याच्या दृष्टीने तो एक क्रमांक होता. पोर्ट लुईच्या धक्क्यावर १८४९ साली बांधलेल्या आगारात प्रत्येक आगंतुकास क्रमांक मिळे, नोंदवहीत बापाचे नाव, गाव, वय, उंची, अंगावरचा व्रण हे सारे टिपले जाई, आणि मग तो मळ्याकडे रवाना होई. ते आगार आज ‘आप्रवासी घाट’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. २००६ साली त्याची जागतिक वारसास्थळांत गणना झाली. त्या नोंदवह्या मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत, आणि आज त्याच क्रमांकांवरून नातवंडे-पतवंडे आपल्या पूर्वजांचे गाव शोधीत असतात. माणसाला पुसून टाकण्यासाठी लिहिलेल्या वह्या अखेर त्याची ओळख सांगण्याच्या कामी आल्या, हा इतिहासाचा एक चमत्कारच म्हटला पाहिजे.

मळ्यावर पोहोचल्यानंतर कराराचे दुसरे तोंड दिसे. मजूर एक दिवस कामावर आला नाही, तर त्या दिवसाचा पगार कापला जाई आणि शिक्षा म्हणून आणखी एका दिवसाचा. ह्यास ‘दुहेरी कपात’ म्हणत. आजारपणाचे आणि कामचुकारपणाचे अंतर ठरविणारा मालकच. तेव्हा महिनाअखेरीस पाच रुपयांचे किती उरतील हे त्याच्याच मर्जीवर अवलंबून राही. याहूनही मोठी गोष्ट अशी की, काम सोडणे हा दिवाणी प्रश्न नव्हता, तो फौजदारी गुन्हा होता. व्यापाऱ्याने करार मोडला तर त्याच्यावर दावा होतो. मजुराने मोडला तर त्याला तुरुंगात घालीत. ही रीत त्या बेटापुरतीच होती असे मात्र कोणी समजू नये. आपल्याकडेही १८५९ चा तेरावा कायदा ह्याच तत्त्वावर उभा होता, आणि तो रद्द होण्यास १९२५ साल उजाडावे लागले.

त्यातच १८५३ च्या सुमारास फुकट परतीच्या प्रवासाचा हक्क काढून घेण्यात आला. येताना जहाजाचे भाडे सरकारचे, जाताना ज्याचे त्याचे! आणि जो करार पुरा करून मोकळा झाला, तोही खरोखर मोकळा नव्हता. १८६७ च्या मजूर-कायद्याने अशा ‘जुन्या’ मजुरास छायाचित्र लावलेला परवाना सतत जवळ बाळगण्याची सक्ती केली. परवाना घरी विसरला किंवा परवानगीवाचून दुसऱ्या जिल्ह्यात पाऊल टाकले की पोलिसांनी त्याला भटक्या म्हणून धरावे. हेतू उघड होता: मोकळेपणा इतका त्रासदायक करावयाचा की माणसाने पुन्हा करारावर खूण करावी. त्याच वर्षी मलेरियाची भयंकर साथ आली आणि बेटावर हजारो माणसे मेली. रोगराई आणि कायदा ह्यांची अशी जोडगोळी एकाच साली उतरली.

ह्या अंधारात एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी घडली. १८७१ साली ॲडॉल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या, जर्मन कुळातील एका गोऱ्या गृहस्थाने ह्या जुन्या मजुरांचा अर्ज तयार करून गव्हर्नरापुढे ठेवला. त्यावर ९,४०१ मजुरांची नावे होती. मळेवाले खवळले; पण अर्ज विलायतेपर्यंत पोहोचला. १८७२ साली राजकीय चौकशी मंडळ नेमले गेले, १८७५ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि १८७८ साली कायदा काहीसा सुधारला. ज्यांच्या खुणेने त्यांना बांधले होते, त्यांनी पुन्हा एकदा आपल्या नावानिशी कागदावर उभे राहून त्या बंधनाविरुद्ध दाद मागितली. करारपत्राला उत्तर अर्जाने दिले, आणि ते काही अंशी पोहोचले.

न्यायबुद्धीने पाहावयाचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बेटावर आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक मायदेशी परतले. बाकीचे मेले किंवा राहिले. जे राहिले त्यांच्यापैकी अनेकांनी दात-ओठ खाऊन पैसा शिल्लक टाकला. आणि १८८० नंतर साखरेचे भाव उतरून मळेवाले आपल्या जमिनीचे तुकडे विकू लागले, तेव्हा ते तुकडे ह्याच मजुरांनी विकत घेतले. ज्याच्या आजोबाला कोकणात खोताच्या जमिनीवर कुळ म्हणून राबावे लागले, त्याच्या नावावर सातासमुद्रापलीकडे स्वतःचा ऊस उभा राहिला. मराठी मंडळी तेथे संख्येने थोडी. पण त्यांनी आपली देवळे बांधली, मंडळे काढली, गणेशचतुर्थी चालू ठेवली. आज तो दिवस मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटीचा आहे. कोकणातील जाखडी तेथे ‘झाकरी’ ह्या नावाने अजून नाचतात. सखाराम, भिवाजी अशी बापांची नावे तेथे आडनावे होऊन बसली. कारण नोंदवहीत बापाचे नाव होते, कुळाचे नव्हते.

मग मुंबईचा ओघ का आटला? मजुरांना उपरती झाली म्हणून नव्हे, सरकारला दया आली म्हणूनही नव्हे. १८५३ साली मुंबईहून आगगाडी सुटली. १८५६ च्या सुमारास मुंबईत कापडाची पहिली गिरणी सुरू झाली. बोरघाट आणि थळघाट फोडण्यास हजारो हात लागले, आणि १८६५ साली थळघाट ओलांडून गाडी इगतपुरीस आली. काम घराजवळ मिळू लागले, महिन्याचा पगार हाती येऊ लागला, आणि शिमग्याला नि गणपतीला गावी जाता येऊ लागले. रत्नागिरीच्या माणसाने मॉरिशसऐवजी गिरणगाव पत्करले. ह्यातून मी एक साधा निष्कर्ष काढतो. मजुराचे खरे संरक्षण बंदरावरच्या संरक्षकापेक्षा, त्याच्यापुढे दुसरे काम असण्यात आहे. ज्याला ‘नाही’ म्हणता येते त्याचेच ‘होय’ खरे.

ह्या पद्धतीचा शेवट घडवून आणण्यात जो पुरुष अग्रभागी होता, तोही रत्नागिरीचाच. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचा जन्म १८६६ साली गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे झाला. फेब्रुवारी १९१० मध्ये त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात नाताळसाठी होणारी मजूर-भरती बंद करण्याचा ठराव मांडला, आणि तो मान्य झाला. मॉरिशसला जाणारी शर्तबंद भरतीही त्याच वर्षी थांबली. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी सर्वच वसाहतींची ही पद्धत समूळ बंद करावी असा ठराव आणला. तो त्या दिवशी फेटाळला गेला. पण त्यामागचे युक्तिवाद आजही उपयोगी पडणारे आहेत. माणूस ज्या खास कायद्याखाली जाणार तो त्याला निघण्यापूर्वी कोणी समजावून सांगत नाही. भाषा परकी, मुलूख परका. आणि करार मोडल्यास फौजदारी शिक्षा. अशा स्थितीत दिलेल्या संमतीला संमती कसे म्हणावयाचे, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. गोखले १९१५ साली वारले. पुढे १९१६ साली पंडित मालवीयांचा तशाच आशयाचा ठराव सरकारला मान्य करावा लागला, १२ मार्च १९१७ रोजी शर्तबंद मजुरांची निर्गत बंद झाली, आणि १ जानेवारी १९२० पासून उरलेसुरले करारही रद्द झाले.

पद्धत गेली, तरी गरज गेली नाही. आपल्या काळातले एक उदाहरण पाहा. थायलंडच्या ईशान्य भागास इसान म्हणतात. पावसावरचे भात, उरलेले महिने रिकामे, आणि घरोघरी परदेशी गेलेला एखादा मुलगा. जणू दुसरे रत्नागिरीच. त्या देशाने १९८५ साली कायदा करून परदेशी कामास जाण्याच्या रीती नेमून दिल्या. सरकारी रोजगार खात्यामार्फत, परवानाधारक दलालामार्फत, मालकाने नेल्यास, मालकाने प्रशिक्षणासाठी पाठविल्यास, किंवा खात्यास कळवून स्वतःच, अशा त्या पाच वाटा. इस्रायलच्या शेतांवर जाण्यासाठी थाई मजुरांना दलालांस जबर रकमा मोजाव्या लागत. २०१० साली उभय सरकारांचा करार झाल्यावर तो खर्च पुष्कळ उतरला. कायद्याने मजुराचे किती हित होऊ शकते, हे त्यावरून दिसते. पण ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गाझालगतच्या शेतांवर हल्ला झाला, तेव्हा तेथे कायदेशीर रीतीने आलेले तिसांहून अधिक थाई मजूर मारले गेले आणि कित्येक ओलीस धरले गेले. परवाना माणसाला शेतापर्यंत नेतो. शेत कोणाच्या सीमेवर आहे, हे परवान्यावर लिहिलेले नसते.

आपल्याकडे १९२२ आणि १९८३ साली परदेशगमनाचे कायदे झाले. १९८३ च्या कायद्याने नोंदणी नसलेल्या दलालास भरती करण्याची मनाई केली आणि त्याने घ्यावयाच्या मोबदल्यास मर्यादा घातली. त्यातही एक अधिकारी आहे, आणि त्याचे नाव अजूनही ‘प्रोटेक्टर’ हेच आहे. १८४२ चा तो शब्द आपण टाकलेला नाही. टाकू नये, परंतु त्याच्या इतिहासासह तो जवळ ठेवावा.

म्हणून परदेशी शेतावर निघालेल्या कोणा तरुणाने मला विचारले, तर मी त्याला जाऊ नको असे म्हणणार नाही. तसे म्हणण्याचा अधिकार भरल्या घरच्या माणसाला नाही. मी त्याला एवढेच म्हणेन की, दलालाचा परवाना पाहशील तो पाहाच. पण त्याखेरीज तीन गोष्टी विचार. हा करार मला माझ्या भाषेत कोणी समजावून सांगितला आहे काय? काम सोडावेसे वाटले, तर तुरुंगात किंवा कर्जात न पडता मला ते सोडता येईल काय? आणि परतीचे भाडे कोणाच्या खिशातून जाणार आहे? मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरास ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली, ती पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरल्यानंतर. ती मुंबईच्या धक्क्यावर मिळती, तर पुष्कळजण कदाचित तरीही गेले असते. मात्र मग त्यांची कागदावरची खूण त्यांची स्वतःची ठरली असती. तिच्यात त्यांचा नांगर उमटला असता.